मदत हवी आहे: परफेक्शनिझमच्या प्रश्नावलीत 'आईवडील' म्हणजे नेमकं कोण?

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. गाव परभणी जिल्ह्यात, शिकायला छत्रपती संभाजीनगरला. डिझर्टेशनचा विषय: एम.ए. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमधला परफेक्शनिझम (सगळं बिनचूकच हवं हा आग्रह) आणि त्यांचे परीक्षेतले गुण.

फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांची १९९० ची ३५ विधानांची स्केल, म्हणजे परफेक्शनिझम मोजायची प्रश्नावली, मराठीत केली, पायलटसाठी (आधीच्या छोट्या चाचणीसाठी) १२ जणींकडून भरून घेतली. त्यात आईवडिलांच्या अपेक्षांची ५ आणि टीकेची ४ विधानं आहेत. घोडं तिथंच अडलंय. एक मैत्रीण पेन थांबवून म्हणाली, "आईवडील म्हणजे मामा धरू का? फी तेच भरतात." दुसरीनं नऊच्या नऊ ठिकाणी १ ते ५ मधल्या मधोमधच्या ३ वर खूण केली. घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, सीजीपीए म्हणजे काय ते ठाऊक नाही, मग अपेक्षा कसली न् टीका कसली! माझ्याही घरी तेच. निकाल सांगितला की अण्णा म्हणतात, "पास झालीस ना? मंग बस."

म्हणून दडपण नाही असं थोडंच आहे? गावात एसटीतून उतरलं की पारावरून पहिला प्रश्न येतो, "नोकरीचं काय झालं?" सोयाबीनचे पैसे माझ्या खोलीभाड्यात जातात, अण्णा बोलत नाहीत, पण मला दिसतं. हे कुठल्या रकान्यात टाकू?

ह्युइट आणि फ्लेट यांच्या १९९१ च्या ४५ विधानांच्या स्केलमध्ये, लोकांना आपण बिनचूकच हवे आहोत असं वाटण्याचा वेगळा भाग आहे, १५ विधानांचा. आमच्याकडे तो जास्त लागू पडेल असं मला वाटतं. गाईड मॅडम म्हणतात, आता स्केल बदलू नकोस, 'आईवडील' खोडून 'घरचे' लिही. पण शब्दच बदलला तर मूळ स्केलच्या विश्वसनीयतेचे आकडे मी कुठल्या तोंडानं द्यायचे?

शिवाय पायलटमधल्या सगळ्यांची टक्केवारी ५८ ते ६६ च्या आत. एवढ्या अरुंद पट्ट्यात परफेक्शनिझम आणि गुणांचा सहसंबंध आपोआपच फिका येणार. गुणांऐवजी किंवा गुणांसोबत आणखी काय घेता येईल?

(भाषांतराचा हा सातवा खर्डा. 'चूक' की 'चुका' यावर कालची रात्र गेली. विषय कुणावर उलटलाय ते कळतंय, टोमणे नकोत.)

ह्युइट-फ्लेटचं तपासलेलं मराठी भाषांतर कुणी वापरलंय का? प्रकरण १५ तारखेला द्यायचंय.