अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळं असलेल्या) लोकांचं वजन: दोष घरातल्या सवयींचा की परिस्थितीचा?

टेक्सासकर_बापू:
सॅन अँटोनियोत राहतो, आजूबाजूला निम्म्याहून जास्त मेक्सिकन वस्ती. रविवारी शेजारच्या अंगणात बार्बेक्यू असतो, आजी नातवाच्या ताटात वाढतच राहते, पोरगा नको नको म्हणतो तरी, आणि टेबलावर दोन-दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, पाण्याचा जग कुठे दिसत नाही. पोरगं जेमतेम तेरा वर्षांचं, मानेवर मागे ती काळपट मखमली पट्टी आलीय, इन्सुलिनचं गणित बिघडल्याची खूण असते ती. माझं मत स्पष्ट आहे, दोष घरच्या सवयींचा. आता झोडपा.

नाकतोडा:
झोडपतोच. २०१७ ते २०२० च्या सरकारी सर्व्हेत मोठ्या माणसांत हिस्पॅनिक ४५.६ टक्के लठ्ठ, गोरे ४१.४. गोऱ्यांच्या आज्या काय नातवंडांना उपाशी ठेवतात का? खरी तफावत पोरांत आहे, २६ टक्के विरुद्ध १७ च्या आसपास. आणि नुकते आलेले लोक त्यामानाने बारीक असतात, जितकी वर्षं अमेरिकेत काढतात तितकं वजन चढतं हे कितीतरी अभ्यासांत आलंय. मक्याची टॉर्टिया आणि घेवड्याची उसळ यात वाईट काय आहे हो? बाप दिवसभर उन्हात छपरं ठोकतो, आई लोकांची घरं साफ करते, रात्री आठला कोण भाजी चिरत बसणार?

टेक्सासकर_बापू:
मग मेक्सिकोत काय? तिथे लठ्ठपणा इतका की २०१४ ला गोड पेयांवर लिटरला एक पेसो टॅक्स लावला, २०२० पासून पाकिटांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोनी शिक्के. तिथेही दोष अमेरिकेचाच का?

नाकतोडा:
बाटल्या विकतं कोण तिथे, तुम्हीच बघा.

सुगरण_आत्या:
दोघेही सगळ्यांना एकाच दावणीला बांधताय. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी, सॅन डिएगो इथल्या सोळा हजारांवर हिस्पॅनिक लोकांचा अभ्यास झालाय, त्यात दक्षिण अमेरिकन मुळाच्या लोकांत डायबेटिस १० टक्के आणि मेक्सिकन मुळाच्या लोकांत १८. शिवाय लिव्हरवर चरबी साठवणारा पीएनपीएलए३ जीनचा प्रकार यांच्यात जास्त सापडतो, तो काय आजीने वाढला?

उगाच_एक:
एवढं सगळं असून हे लोक गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात, २०१९ ला सरासरी आयुष्य ८१.९ विरुद्ध ७८.८ होतं. म्हातारपणी थोडं वजन असलेलं बरंच असतं मग. उगाच बाऊ.

सुगरण_आत्या:
जास्त जगतात याचं एक कारण सिगरेट कमी ओढतात आणि धडधाकट माणसंच देश सोडून येतात. पण शेवटची वर्षं कशी जातात ते डायलिसिस सेंटरच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बघा, किडनी निकामी होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्तच आहे. आणि कोविडने २०२० मध्ये सरासरी आयुष्याचा तो आकडा धाडकन खाली आणला.

पुणेरी_चष्मा:
बापू, शेजाऱ्याची मान बघून झाली असेल तर आपली पोटं बघा. आपण बारीक दिसूनही आत चरबी बाळगतो हे पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी नवजात बाळांतसुद्धा दाखवलंय. आपल्याला डायबेटिस त्यांच्यापेक्षा कमी वजनात होतो.

टेक्सासकर_बापू:
मान्य, पण विषय भरकटवू नका. सवयी नकोत, जीन नको, मग करायचं काय? टॅक्स?

नाकतोडा:
हो टॅक्स. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०१४ ला मतदान घेऊन लावलाच ना. पण २०१८ ला कॅलिफोर्नियात कायदाच झाला की २०३१ पर्यंत आणखी कुठल्या शहराने असा टॅक्स लावायचा नाही, आणि तो कायदा कोल्ड्रिंक कंपन्यांनी दबाव आणून करून घेतला.