१.०५ कोटी आणि १.५ कोटी, माझा दरवेळी गोंधळ का होतो?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, प्रश्न बेसिक आहे पण बरेच दिवस छळतोय. मुलीचा अभ्यास घेताना 'तीन कोटी सात लाख चाळीस' अंकात लिहायचं होतं, तिने सरळ ३,७,४० लिहिलं. चुकलंय हे कळलं पण का ते मला समजावताच येईना. आणि मी स्वतः १.०५ कोटी आणि १.५ कोटी वाचलं की दोन्ही सारखंच वाटतं, त्यात मिलियन बिलियन आलं की संपलंच. घोकंपट्टी नको, डोक्यात पक्कं बसेल असं सांगा ना.

उत्तर १:
मी मुलांना घरं आखूनच शिकवते. उजवीकडून एकक दशक शतक ही तीन घरं, मग हजार आणि लाख यांना दोन दोन, कारण शंभर हजार झाले की लाख होतो आणि शंभर लाख झाले की कोटी. स्वल्पविराम नेमके तिथेच पडतात. आता कोटीचे ३, लाखाचे ०७, हजाराचं नावच घेतलं नाही म्हणून ००, आणि चाळीसचे ०४०. झालं, ३,०७,००,०४०. बोलताना शून्य कानावर पडतच नाही, खरी मेख तिथे आहे, तुमची लेक जे ऐकलं तेच लिहितेय. तिला 'चूक' म्हणण्यापेक्षा 'हजाराच्या घरात कोण आहे गं?' असं विचारा.

उत्तर २:
दशांशाचंही तेच आहे ताई. कोटीत टिंबानंतरची पहिली दोन घरं लाखाची, म्हणून १.५ दिसलं की मनात १.५० करायचं, म्हणजे १ कोटी ५० लाख, आणि १.०५ म्हणजे १ कोटी ५ लाख. फरक तब्बल ४५ लाखांचा! तसंच २.३ लाख म्हणजे २ लाख ३० हजार, २ लाख ३ हजार नाही.
मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी (आपला अब्ज), ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. त्या पद्धतीत तीन तीन अंकांचे गट पडतात म्हणून ७,५००,००० आणि आपले ७५,००,००० एकच रक्कम आहे, शंका आली तर स्वल्पविराम विसरून अंक मोजा.

उत्तर ३:
आकार जाणवायला सेकंद घ्या. १ लाख सेकंद म्हणजे साधारण २८ तास, १ कोटी म्हणजे जवळपास ११६ दिवस, आणि १ अब्ज म्हणजे साडेएकतीस वर्षांहून जास्त!! मला लाख आणि कोटीतलं अंतर यानेच कळलं.
अजून एक, मी हिशेबाचं काम करतो, बेरीज जुळत नसेल तर फरकाला ९ ने भागून बघतो. ४५,३०० च्या जागी ५४,३०० पडलं तर फरक ९,०००. शेजारचे दोन अंक उलटे पडले किंवा शेवटी एक शून्य जास्त लागलं तर फरकाला ९ ने भाग जातोच, कारण अंक एक घर सरकला की दसपट होतो आणि दहातून एक गेला की नऊ. भाग गेला की मी आधी तीच चूक शोधतो.

प्रश्नकर्ती:
४५ लाखांचा फरक वाचून धस्स झालं! मुलीने आत्ता घरं आखून ६०.०३ कोटी असं लिहिलं, ६०,०३,००,०००. बरोबर ना?

उत्तर १:
अगदी बरोबर. आता तिला ६०.३ कोटी लिहायला द्या.