मदत हवी आहे: मशेरी सोडलेल्या सासूबाईंना वांगी द्यावीत का? (कोटिनिन तपासणी आणि तंबाखूची फवारणी)

नमस्कार. माझ्या सासूबाईंनी तरुणपणापासूनची मशेरी नुकतीच सोडली आहे. दातांच्या इम्प्लांटपूर्वी त्यांच्या लघवीतील कोटिनिनची, म्हणजे तंबाखूतले निकोटिन शरीरात मोडल्यावर बनणाऱ्या पदार्थाची, तपासणी होणार आहे. वांगी, टोमॅटो, बटाटे, मिरच्या यांत निकोटिन असते, म्हणून ती सगळी बंद करावीत, असे नणंदबाईंचे म्हणणे आहे. कृष्णाकाठच्या घरात भरली वांगी बंद करणे म्हणजे सासूबाईंना दुसरी शिक्षाच आहे, म्हणून मी थोडे वाचन केले.

ही सगळी झाडे तंबाखूच्याच कुळातली असल्याने त्यांत निकोटिन असते, हे खरे आहे. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार वांग्यात दर ग्रॅमला सुमारे १०० नॅनोग्रॅम निकोटिन आढळले. बटाटे-टोमॅटोंत त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे पाव किलो वांग्यांत साधारण २५ मायक्रोग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात सुमारे १ मिलिग्रॅम निकोटिन जाते. तेवढ्यासाठी १० किलो वांगी खावी लागतील. शिवाय गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग रक्तात पसरण्याआधीच यकृतात मोडतो, तर मशेरीचे निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. त्यामुळे भाजीने तलफ जागी होईल असे मला वाटत नाही.

माझी खरी शंका वेगळी आहे. आमची वांगी घरच्या शेतातली असून भाऊजी त्यांवर अग्निअस्त्र फवारतात. त्यात गोमूत्रात कडुनिंबाचा पाला, हिरवी मिरची, लसूण आणि तंबाखू उकळून, गाळून घेतात. फवारणीनंतर तोडलेल्या वांग्यांच्या देठाजवळ, काटेरी टोपीच्या कडेखाली, तपकिरी डाग वाळलेले मला स्पष्ट दिसतात. हे निकोटिन वांग्याचे स्वतःचे नव्हे, वरून आलेले आहे, आणि त्याचे प्रमाण वरच्या हिशेबात कुठेच धरलेले नाही. यकृतात मोडणाऱ्या निकोटिनचे बहुतांशी कोटिनिनच होते, म्हणून तलफ आली नाही तरी तपासणीत ते दिसू शकते, ही मला अधिक काळजीची बाब वाटते.

शेती किंवा वैद्यकीय क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे: तंबाखूयुक्त फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करावा? टोपी काढून, मिठाच्या पाण्यात धुतल्याने हा अंश कितपत उतरतो, की तो सालीतून आत मुरलेला असतो? कोटिनिन शरीरात निम्मे व्हायला साधारण १६ ते २० तास लागतात, हे धरता तपासणीआधी आठवडाभर ही वांगी टाळणे पुरेसे होईल का? तसेच भाऊजी हा काढा उघड्या हातांनी ढवळतात. निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते, तेव्हा त्यांना हातमोजे घ्यायला लावण्याइतके हे गंभीर आहे का, तेही कळवावे.

दंतवैद्यांना फवारणीची कल्पना मी देणारच आहे. भेटीपूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे कोणी सुचवल्यास फार मदत होईल.