सल्ला हवा: सीएनसी शॉपचं तेलकट पाणी, मोठा सेपरेटर घेऊ का?

स्पिंडल_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी, दोन ग्राइंडर आणि पार्ट धुवायचं एक वॉशिंग मशीन. जागा घेतली तेव्हा मागच्या बाजूची तीन कप्प्यांची विटांची टाकी आयतीच मिळाली, तिलाच सगळे ‘ऑइल सेपरेटर’ म्हणतात. शॉपचं सगळं पाणी गटारीने एका खड्ड्यात येतं, तिथून पंपाने टाकीत. दिवसाला दीड-दोन हजार लिटर असेल.

यावेळच्या लॅब रिपोर्टमध्ये ऑइल अँड ग्रीस लिटरला १४० मिलिग्रॅम आलंय. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवान्यात) मर्यादा १०. शेवटच्या कप्प्यातून पडणारं पाणी पांढुरकं दिसतं. दोन सप्लायर येऊन गेले. एक म्हणतो सीपीआय, म्हणजे तिरप्या प्लेटांचा सेपरेटर बसवा, दुसरा म्हणतो डीएएफशिवाय, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी तेल वर आणणाऱ्या यंत्राशिवाय, गत्यंतर नाही. दोघांपैकी एकानेही पाण्याचा नमुना घेतला नाही, कोटेशन मात्र दुसऱ्या दिवशी हजर. यातलं काय घ्यावं? की आहे तीच टाकी वाढवू?

गाळवाले_काका:
अजून तरी काहीच घेऊ नका. काचेच्या पारदर्शक बाटलीत शेवटच्या कप्प्याचं पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर तेल आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं, तर टाकी लहान पडतेय किंवा तुंबली आहे. पाणी होतं तसंच पांढरं राहिलं, तर तुमची टाकी दहापट मोठी केली तरी तो आकडा हलणार नाही.

स्पिंडल_भोसरी:
काका, ठेवली. वर करंगळीच्या नखाएवढी तेलाची कड आहे, बाकी सगळं दुधाळच.

गाळवाले_काका:
मग सेपरेटरचा दोष नाही, त्याच्याकडे चुकीचं पाणी येतंय.

थोडं गणित सांगतो, कारण पुढचे सप्लायर याच ठिकाणी गोंधळ घालतील. थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. साध्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) पद्धतीच्या टाकीचा हिशेब १५० मायक्रॉनच्या थेंबावर करतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हलक्या तेलाचा असा थेंब मीटरभर पाण्यातून दहाएक मिनिटांत वर येतो. त्याच तेलाचा १५ मायक्रॉनचा थेंब घेतला की वेग शंभरपट कमी, म्हणजे सोळा-सतरा तास. तिरप्या प्लेटांमधलं अंतर दोन-चार सेंटिमीटर असतं, थेंबाला तेवढंच चढावं लागतं, म्हणून सीपीआयमध्ये ६० मायक्रॉनपर्यंतचे थेंब सापडतात. कुलंटमधले, म्हणजे मशीनवर धातू कापताना सोडायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणातले थेंब याहून कितीतरी बारीक, आणि ते एकत्र येऊ नयेत यासाठीच त्यात इमल्सिफायर घातलेला असतो. ज्या मालाचे पैसे ‘वेगळा होत नाही’ म्हणून मोजले, तो टाकीत आल्यावर आपोआप वेगळा कसा होईल?

डीएएफही आधी रसायनाने इमल्शन (हे तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) फोडल्याशिवाय तुमच्या पाण्यावर फार काही करणार नाही. हे कोटेशनमध्ये लिहिलंय का बघा. बहुतेक नसेल.

आता सांगा: मशीनच्या सम्पातलं (कुलंटच्या टाकीतलं) जुनं कुलंट काढता तेव्हा ते कुठे जातं?

स्पिंडल_भोसरी:
त्याच गटारीत. रविवारी पोरं सम्प रिकामे करतात. वॉशिंग मशीनचं पाणीही तिथेच. आणि खड्ड्यातला पंप साधा मड पंप आहे, तोही यात येतो का?

रत्नांग्रीचा_सेकंड:
येतो म्हणजे! मी जहाजावर सेकंड इंजिनिअर. आमच्याकडे बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यात तेल १५ पीपीएमच्या (दहा लाखात १५ भागांच्या) खाली असेल तरच ते बाहेर, समुद्र प्रदूषणाच्या मार्पोल कराराचा नियम. आकडा चढला की मीटर बोंब मारतो आणि झडप पाणी परत टाकीत वळवते. त्यामुळे सेपरेटर का बिघडतो याचं शिक्षण आम्हाला सक्तीने मिळतं.

दोन गोष्टी. एक, तुमचा मड पंप सेंट्रिफ्युगल जातीचा, त्याचं जोरात फिरणारं इम्पेलर (पातं) तेलाचे थेंब कापून बारीक करतं. वर सुटून आलेलं तेल तुम्ही स्वतःच पुन्हा पाण्यात कालवताय. जमिनीचा उतार साथ देत असेल तर पाणी आधी उताराने सेपरेटरमध्ये घ्या आणि पंप त्याच्या पुढे ठेवा. ते जमत नसेल तर थेंब कमी कापणारा मोनो पंप किंवा एअर डायफ्रॅम पंप, तोही सावकाश चालवायचा.

दुसरी गोष्ट साबण. इंजिन रूम धुताना कोणीतरी भरमसाट डीग्रीझर ओततो आणि पुढचे कित्येक दिवस सेपरेटर हट्टाला पेटतो. तेल झटकन सोडणारे, क्विक ब्रेक जातीचे डिटर्जंट मिळतात, ते मागा. इमल्शनचा त्रास एवढा जुना आहे की आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या एमईपीसी १०७(४९) या २००३ च्या ठरावाने जहाजावरच्या सेपरेटरची चाचणी इमल्शनवरही घ्यायला लावली.

आणि बायपासची, म्हणजे सेपरेटर टाळून पाणी परस्पर बाहेर सोडायची हुशारी कोणी सुचवली तर ऐकू नका. त्याला आमच्यात ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझला अमेरिकेत त्यापायी ४ कोटी डॉलरचा दंड बसला.

काचपात्र:
मी लॅबमध्ये आहे. तो १४० चा आकडा कसा आला तेही तपासा. ऑइल अँड ग्रीसचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेतला असेल तर तेल भिंतीला चिकटतं आणि आकडा कमी दिसतो, म्हणजे खरी परिस्थिती आणखी वाईट असू शकते. रुंद तोंडाची काचेची बाटली हवी, नमुन्याच्या पाण्याने ती विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही. पडत्या धारेखाली धरायची, कप्प्याच्या वरचा तवंग गोळा करायचा नाही. लगेच आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि थंड ठेवायचं. आम्ही पूर्ण बाटली वापरतो आणि रिकामी बाटलीही हेक्झेनने धुऊन घेतो, म्हणून ‘यातलंच थोडं बीओडीच्या चाचणीसाठी वापरा’ असं कृपया सांगू नका. तो मोह प्रत्येक क्लाएंटला होतो.

शिरोलीकर:
भावा, कुलंट वेगळं काढलंस की निम्मं काम झालं. आमच्याकडं सोल्युबल ऑइल (पाण्यात कालवायचं खनिज तेलाचं कुलंट) आहे, आम्ही आम्लानं फोडतो. सल्फ्युरिक घालून पीएच २-३ वर आणायचा, तेल फुटून वर येतं, ते काढून घ्यायचं. मग खालच्या पाण्यात तुरटी, चुन्यानं पीएच आठाच्या आसपास, गाळ बसला की वरचं पाणी निवळ. जुनी पद्धत, पण चालते.

गाळवाले_काका:
चालते, पण स्पिंडल यांना ती मी सुचवणार नाही. आठ-दहा माणसांच्या शॉपमध्ये सल्फ्युरिकचे कॅन आणि ते ओतणारा नवखा हेल्पर, ही जोडी मला झोप लागू देत नाही. शिवाय आम्ल टाकी आणि पंप खातं, आणि चुन्याचा गाळ इतका होतो की तो उचलण्याचा खर्च वेगळाच.

शिरोलीकर:
काका, ‘आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही’ हे पोराला पहिल्या दिवशी शिकवायचं, एवढंच. आम्लाऐवजी पॅक (पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड) घालायचं तर ते स्वस्त पडत नाही हो.

गाळवाले_काका:
पॅक आणि कॅटायनिक पॉलिमरचा डोस आधी जार टेस्टवर, म्हणजे थोड्या थोड्या पाण्यात वेगवेगळा डोस घालून ठरवला तर इतकं महाग पडत नाही. लोक डोळे मिटून दुप्पट ओततात आणि मग महाग म्हणतात. जास्त झालं तर इमल्शन पुन्हा स्थिर होतं, फुटतच नाही. असो, तुमचं सोल्युबल ऑइल आहे, तुम्हाला आम्ल सोसतं.

स्पिंडल, तुमचं कुलंट कुठलं आहे ते पिंपावर वाचा. सेमी-सिंथेटिक असेल तर फोडायला जड जातं. पूर्ण सिंथेटिकमध्ये खनिज तेल नसतंच. त्याचं पाणी ऑइल अँड ग्रीसच्या चाचणीत कदाचित सुटेल, पण सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) २५० च्या मर्यादेत बसणार नाही. तिथे फोडायला काही नाही.

माझं मत: वेगळं काढलेलं खराब कुलंट तुमच्यासारख्या शॉपमध्ये महिन्याला काही बॅरलच निघेल. ते बॅरलमध्येच साठवून अधिकृत ठिकाणी पाठवा. रोजचं धुण्याचं आणि फरशीचं पाणी तेवढं सेपरेटरमध्ये. बॅरल खूपच झाले तर एकावेळी एक टाकी फोडण्याचा बॅच प्लांट किंवा छोटा व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर, तो विचार नंतर.

आणि कुलंट लवकर सडतंच कशाला? सोमवारी सकाळी शॉपमध्ये कुजक्या अंड्यांचा वास येतो का? मशीनच्या स्लाइडवेचं (सरकपट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं तेल कुलंटवर साचतं, खाली हवा पोचत नाही, सुटीत जिवाणूंची चंगळ. सम्पावर बेल्ट स्किमर (वरचं तेल उचलणारा पट्टा) लावा, पण तो चोवीस तास चालवू नका. मशीन थांबून तेल वर आल्यावर तासभर पुरतो. तेल संपल्यावर तो कुलंटच उचलत बसतो. कुलंटची तीव्रता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्याचा आकडा कंपनीने दिलेल्या फॅक्टरने गुणा, आणि कमी पडलेलं कुलंट नुसत्या पाण्याने भरू नका, पातळ मिश्रणाने भरा. कुलंट दुप्पट टिकलं की टाकायचं कुलंट निम्म्यावर येतं.

स्पिंडल_भोसरी:
वास येतो. मला वाटायचं ड्रेनेजचा आहे. काका, टाकीची देखभाल नेमकी कशी करायची? आत्तापर्यंत वर्षातून एकदा दिवाळीच्या सुटीत साफ होते.

गाळवाले_काका:
आठवड्यातून एकदा तेलाची जाडी मोजा. पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी शोधायची पेस्ट असते, ती काठीला लावून आत सोडा. पाण्यात गेलेल्या भागाचा रंग बदलतो, त्याच्या वरचा तेलाने माखलेला पण रंग न बदललेला भाग म्हणजे तेल. पाच सेंटिमीटर तेल झालं की उपसा. गाळाने खोलीचा चौथा हिस्सा व्यापला की टाकी उघडा, दिवाळीची वाट पाहू नका.

शेवटच्या कप्प्याच्या तोंडाशी टी पाइप किंवा आडवी भिंत असेल, पाणी खालून उचलणारी. ती तुटलेली असेल तर वरचं तेल सरळ बाहेर. विटांच्या जुन्या टाक्यांत हा टी निम्म्या वेळा गायब असतो, ब्लॉकेज काढायला कोणीतरी तो उपटलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे विसरतात ते: टाकी साफ झाल्यावर ती आधी स्वच्छ पाण्याने काठापर्यंत भरा, मगच लाइन सुरू करा. रिकाम्या टाकीत पहिलं तेलकट पाणी आलं तर तेल त्या भिंतीच्या खालूनच पलीकडे जातं, आणि नेमकं साफसफाईनंतर रिपोर्ट बिघडतो.

माणूस आत उतरवू नका. गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो, ढवळला की सुटतो, आणि जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. व्हॅक्यूम टँकरने वरूनच उपसा. उतरावंच लागलं तर गॅस डिटेक्टर, ब्लोअर, दोर आणि वर उभा राहणारा दुसरा माणूस, आणि हे काम रोज करणाऱ्या एजन्सीकडूनच.

काचपात्र:
+१. आणि ‘तेल खाणारी पावडर’ किंवा डिस्पर्संट (तेल पाण्यात विरवणारं रसायन) ओतून टाकी चकचकीत करणाऱ्यांपासून लांब राहा. तवंग दिसत नाही, पण हेक्झेनला सगळं सापडतं.

फॉर्म_चार:
कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. वापरलेलं तेल हे घातक कचरा नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ५.१, सांडपाण्यावरून स्किम केलेलं तेल ३५.४, तेलकट गाळ ५.२, तेलाने माखलेला कॉटन वेस्ट ३३.२, रसायन वापरून पाणी फोडलं तर त्याचा गाळ ३५.३. हे सगळे आकडे कन्सेंटमध्ये प्रमाणासह असायला हवेत. नसतील तर आधी दुरुस्ती करून घ्या. साठवण साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त नको. तेल अधिकृत रिसायकलरकडे, बाकी घातक कचऱ्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे. तुम्हाला रांजणगाव जवळ. मुंबईकडे तळोजा, विदर्भात बुटीबोरी. प्रत्येक गाडीला फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंद), आणि ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणाचा फॉर्म ४. काळं तेल बॅरलवर रोख पैसे देऊन नेणारा भंगारवाला आला की चहा पाजून परत पाठवा.

स्पिंडल_भोसरी:
अपडेट. कुलंट वेगळ्या बॅरलमध्ये, दोन सम्पांवर स्किमर, वॉशिंग मशीनचा साबण बदलला. टी पाइप खरंच नव्हता, बसवला. टाकी साफ करून पाण्याने भरून सुरू केली. दोन्ही कोटेशनवाल्यांना थांबा म्हटलंय. नवा रिपोर्ट १८. काचेच्या बाटलीत, पीएच २. अजून आठ कुठून येतंय कळत नाही. पाऊस झाला त्या दिवशी पाणी पुन्हा पांढुरकं होतं, इतर दिवशी बरंच निवळ.

गाळवाले_काका:
पावसाच्याच दिवशी ना? चिप्सची (कापलेल्या धातूच्या कातरणाची) ट्रॉली कुठे उभी असते?

स्पिंडल_भोसरी:
मागच्या अंगणात, टाकीशेजारी. वर पत्रा नाही.

गाळवाले_काका:
मग मिळाले तुमचे आठ. चिप्सवर चिकटलेलं कुलंट पाऊस धुऊन नेतोय. ट्रॉलीवर शेड करा, तिला तळाशी नळ लावून निथळलेलं कुलंट परत सम्पात घ्या. छताच्या पन्हळीचं पाणी त्या खड्ड्यात येत असेल तर तेही आजच तोडा. मुसळधार पावसात छताचं पाणी तुमच्या रोजच्या पाण्याच्या कित्येक पट असतं, टाकीत थांबायला वेळच उरत नाही आणि साचलेलं तेलही ढकललं जातं. पुढचा नमुना भर पावसाच्या दिवशी घ्या.