व्हीपीएन लावणारा प्रत्येक जण चोर नसतो

सूरसागरकाठची
काल इथे एकांनी लिहिलं, ‘व्हीपीएन लावून परदेशातले कार्यक्रम बघणारे म्हणजे तिकीट न काढता मागच्या दाराने थिएटरात घुसणारे.’ (व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतोय असं वेबसाइटला भासवणारी सेवा.) रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आई ७८ वर्षांची. मागच्या वर्षी सहा महिने इंग्लंडात लेस्टरला माझ्या बहिणीकडे होती. दर शुक्रवारी रात्री बीबीसीवरचा बागकामाचा कार्यक्रम बघायची. इंग्रजी तिला अर्धंमुर्धं कळतं, पण माळ्याचे हात कळतात. गुलाबाची फांदी डोळ्याच्या जरा वर, तिरकी कापायची, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही, हे ती तिथे शिकली. बडोद्याला परतल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर अकरा कुंड्यांत तिने ते करून बघितलं. मग पुढचा भाग बघायला आयप्लेअर हे बीबीसीचं ॲप उघडलं तर पाटी आली, हे फक्त यूकेमध्ये चालतं.

बहीण टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही बघायची तिथली वार्षिक फी, भरते; २०२५ च्या एप्रिलमध्ये ती १७४.५० पौंड झाली होती. भाच्याने आईच्या टॅबवर व्हीपीएन घालून दिलं, त्याचे पैसे मी भरते. तो कार्यक्रम इथे विकत मिळाला असता आणि आम्ही तो बुडवला असता तर मान खाली घातली असती. आम्हाला तो कुठे मिळाला नाही. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे आणि दुकानदार म्हणतो, तुमच्या गावाला देत नाही. यात चोर मी कशी?

मांजलपूरकर
ते वाक्य माझं, आणि मागे घेणार नाही. लायसन्स लेस्टरच्या त्या घराचं आहे, खानदानाचं नाही. आयप्लेअरचं खातं उघडताना पोस्टकोड, म्हणजे तिथला पिनकोड, मागतात. टीव्ही लायसन्स आहे का, हेही विचारतात. बडोद्यात बसून तिथे ‘हो’ कोणी दाबलं, ते सांगा.

आणि हक्क देशवार विकतात ते कोणाला छळायला नाही. माझा मावसभाऊ माहितीपट करतो. तीन वर्षं एका फिल्मवर होता. युरोपातल्या एका चॅनेलने त्यांच्या देशापुरत्या हक्कांचे पैसे आगाऊ दिले, त्यावर एडिटिंग पुरं झालं. उद्या तीच फिल्म कुठूनही कुलूप उघडून दिसायला लागली तर पुढच्या वेळी आगाऊ कोण देईल?

रावपुऱ्याचा
हे कुलूप आजचं नाही. डीव्हीडीच्या काळात जगाचे भाग, म्हणजे रीजन, पाडलेले होते: भारत रीजन ५ आणि अमेरिका रीजन १. काकांनी न्यू जर्सीहून हौसेने सात डीव्हीड्या आणल्या, घरच्या प्लेअरवर एकही चालेना. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाचदा बदलता यायचा, नंतर कायमचा अडकायचा. माझा पाचव्यांदा अमेरिकेवर अडकला आणि इथे घेतलेली डिस्कच वाचेना! शेवटी एका दुकानदाराने रिमोटवर कसले कसले आकडे दाबले आणि प्लेअर सगळं वाचायला लागला. पैसे देऊन घेतलेली वस्तू होती. तेव्हा आम्हाला कोणी चोर म्हणालं नाही.

मांजलपूरकर
डिस्क विकत घेतली होती, पोस्टकोड खोटा टाकला नव्हता. फरक नीट वाचा.

कोर्टरोड
कायद्यापुरतं बोलतो. व्हीपीएन वापरणं हाच गुन्हा, असा देशभर लागू कायदा नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश व्हीपीएन कंपन्यांना आहे, की ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवा. त्यावरूनच एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर उचलले. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं, तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यात ‘हक्कभंगाच्या हेतूने’ हे शब्द आहेत. घरी बसून बघणाऱ्या आजींचा हेतू काय, हे कोर्टात सिद्ध करावं लागेल. तेव्हा ‘चोर’ हा शब्द जपून. सेवेचा करार मोडला म्हणा, तो मोडलाच आहे.

दुसरं म्हणजे, फुकटच्या व्हीपीएनपासून लांब राहा. २०१५ मध्ये होला या फुकटच्या व्हीपीएनचं उघड झालं होतं, फुकट वापरणाऱ्यांचंच इंटरनेट ते दुसऱ्यांना भाड्याने विकत होते. कोणाचा तरी उद्योग तुमच्या इंटरनेट पत्त्यावरून चालायचा.

निझामपुरा_मराठी
लेस्टरचं काय घेऊन बसलात? आपल्याला मुंबई हाच परदेश झालाय! डीटीएचवाल्याने गुजरातचा पॅक दिला, त्यात मराठी चॅनेल नावाला. २०१९ मध्ये एकेक चॅनेल वेगळं घ्यायची सोय झाली, पण आईबाबांना ते कोणी सांगितलं? मराठी सिनेमा लागतो तो सकाळी साडेदहाचा एक शो, तोही शुक्रवार ते रविवार. नोकरदार माणसाने काय करायचं? एके काळी मुंबईची नाटकं गांधी नगरगृहात यायची, बाबांच्या खांद्यावर बसून मी ती बघितली आहेत. हे शहर मराठी माणसाने वाढवलं आणि आज आपणच...

फतेगंज७१
थांबा. मागचा मराठी सिनेमा लागला तेव्हा रविवारच्या शोला आम्ही नऊ जण होतो. मोजले. बायको, मी, शेजारचे दोघे आणि पाच अनोळखी. तुम्ही कुठे होता? थिएटरवाल्याने वीजबिल कशातून भरायचं?

निझामपुरा_मराठी
मी ड्यूटीवर होतो, नंदेसरीला, तीन पाळ्यांत. सगळ्यांना रविवार मोकळा नसतो, साहेब.

फतेगंज७१
बरं. पण मग मुलांना तरी पाठवा. माझा नातू मराठी बोलतो, वाचता येत नाही, आणि ती चूक थिएटरवाल्याची नाही, माझ्या घरातली आहे. आपण गुजराती माध्यमात घातलं, मग इंग्रजीत घातलं, आणि आता चॅनेलच्या नावाने बोटं मोडतो.

निझामपुरा_मराठी
माझ्या मुलींच्या शिक्षणावर तुम्ही बोलू नका. दोघींना ज्ञानेश्वरीच्या ओव्या पाठ आहेत.

रावपुऱ्याचा
भांडू नका. आपल्या गावाचा वारसा आठवा. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणून वाचनालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या. हे तुमच्या गावासाठी नाही, असं त्यांनी कोणाला म्हटलं नाही. ज्ञान अडवायचं नाही, हा इथला रिवाज.

मांजलपूरकर
पेटीतलं एकेक पुस्तक महाराजांनी विकत घेतलेलं होतं. छापणाऱ्याचे पैसे चुकते झाले होते. तुमचा दाखला माझ्याच बाजूने लागतो.

कोर्टरोड
यावर मात्र मांजलपूरकरांचं म्हणणं मान्य करावं लागेल. पण त्यांनीही एक बघावं. युरोपियन युनियनमध्ये १ एप्रिल २०१८ पासून नियम आहे, पैसे भरून घेतलेली सेवा तुम्ही दुसऱ्या सदस्य देशात प्रवासाला गेलात तरी कंपनीने चालू ठेवायची. म्हणजे हद्द थोडी सैल केली तरी धंदा बुडत नाही.

मांजलपूरकर
प्रवासापुरती. कायम राहणाऱ्याला नाही. पण ठीक आहे, विकत मिळण्याची सोयच नसेल तिथे ‘चोर’ हा शब्द जड झाला, एवढं धरा. खोट्या पोस्टकोडबद्दल माझं मत तेच.

सूरसागरकाठची
भाच्याला फोन करून विचारलं. पोस्टकोड बहिणीचा टाकला होता, आणि ‘लायसन्स आहे’वर टिचकी त्यानेच मारली, आईच्या नावाने. हे मला माहीत नव्हतं, आणि ते मला आवडलेलं नाही. आई आयुष्यभर शाळेत शिक्षिका होती, तिच्या नावाने खोटं ‘हो’ नको. ते खातं आज काढून टाकलं. व्हीपीएनचे पैसे वर्षाचे भरलेत, ते ठेवते. आणि उद्या बीबीसीने बडोद्यातल्या माणसाला महिना पाचशे रुपये मागितले तर पहिली मी भरेन. मागतच नाहीत, हा माझा राग आहे आणि तो राहणार.

आईला अजून सांगितलेलं नाही. शुक्रवारी ती टॅब चार्ज करून बसेल.