मदत हवी आहे : निवृत्तीची बचत दरवेळी घरच्यांसाठी मोडते
माझे वय 42 आहे, नोकरी कायम आहे, डोक्यावर कर्ज नाही; तरीही निवृत्तीसाठी साठवलेली रक्कम सहा वर्षांत तीनदा भावंडांच्या अडचणीपायी मोडली. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांच्या 2004 च्या अभ्यासात पगारवाढीबरोबर आपोआप वाढणाऱ्या, पगारातून थेट बचतीत जाणाऱ्या कपातीमुळे सहभागींचा बचतदर 40 महिन्यांत 3.5 वरून 13.6 टक्क्यांवर गेला, म्हणून मीही तशी कपात लावून घेतली. बचत वाढली, पण आईने फोनवर ‘तुझे म्हातारपण अजून लांब आहे’ म्हटले की मलाही ते पटते आणि त्याच रात्री मी पैसे काढण्याचा अर्ज भरतो. मदत पूर्ण थांबवायची नाही. वर्षाच्या मदतीची मर्यादा घरच्यांशी आधीच बोलून ठरवणे कोणाला जमले आहे का, आणि त्या बोलण्याची सुरुवात आपण नेमकी कशी केली?