'त्यूत्वाये'ला मराठीत काय म्हणावं?

सदाफुली
फ्रेंचच्या अगदी प्राथमिक वर्गाचा पहिला आठवडा नुकताच संपला. शेजारच्या बाकावर एक काका बसतात, एसटीतून निवृत्त झालेले. नात फ्रान्समध्ये ल्योंला वाढते आहे, तिच्याशी तिच्या भाषेत चार वाक्यं बोलता यावीत म्हणून ते शिकायला आलेत. त्यांचं शिक्षण सगळं मराठीतून आणि वर्गात मिळालेली शब्दसूची फ्रेंच-इंग्रजी. म्हणून ती मी त्यांच्यासाठी मराठीत उतरवते आहे.

नमस्कार, नाव, वय, आकडे इथपर्यंत काही अडलं नाही. अडलं ते दोन क्रियापदांशी. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं की वर्गात सगळ्यांनी एकमेकांना 'त्यू' (म्हणजे तू) म्हणायचं, वय काहीही असो, आणि बाईंना मात्र 'व्हू' (म्हणजे तुम्ही). 'त्यू' म्हणण्याला तिकडे स्वतंत्र क्रियापद आहे, 'त्यूत्वाये'. 'व्हू' म्हणण्याला 'व्हूव्वाये'. मी लिहिलं: अरेतुरे करणे, अहोजाहो करणे. दुसरं काकांना पटलं. पहिल्यावर त्यांनी काट मारली. म्हणाले, "अरेतुरे हा अपमान आहे. अरेतुरे केलं म्हणून आमच्या डेपोत कंडक्टर आणि प्रवाशांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. माझी नात मला 'त्यू' म्हणते, ती अपमान करते का?"

आमच्या घरी मात्र 'त्या दोघांचं अरेतुरेचं नातं आहे' असं कौतुकाने म्हणतात. मग कोणाचं बरोबर? आणि शब्दसूचीत काय लिहू?

पंचगंगा
दोघांचंही बरोबर आहे, फरक व्याकरणात आहे. 'तो मला अरेतुरे करतो' म्हटलं की तक्रार. 'आमचं अरेतुरे आहे' म्हटलं की दोस्ती. करणारा एक आणि झेलणारा दुसरा असला की शब्द बोचतो, दोन्हीकडून असला की बोचत नाही. 'करणे' काढून 'असणे' लावून बघा.

शब्दशोधक
शब्दसूचीत बोलीतले जोडशब्द नकोत असं माझं मत आहे. 'एकेरी संबोधणे' आणि 'आदरार्थी संबोधणे' हे स्वच्छ मराठी शब्द आपल्याकडे आहेत. वर्तमानपत्रंही 'एकेरी उल्लेख' असंच लिहितात.

पंचगंगा
वर्तमानपत्रात 'एकेरी उल्लेख' ही बातमी कधी होते? कोणाच्या तरी भावना दुखावल्या की. आणि 'तो एकेरीवर आला' म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहेच. काकांनी ज्या कारणाने अरेतुरेवर काट मारली, त्याच कारणाने ते 'एकेरी'वरही मारतील. शब्द छापील असला म्हणून त्याचा डंख जात नाही.

तळकोकणी
आमच्या मालवणकडे हा प्रश्नच पडत नाही. आम्ही भावंडं वडिलांना तूच म्हणतो. "बाबा, तू खंय गेल्लंस?" यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही. माझी पत्नी सातारकडची. लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकून ती गप्पच झाली होती, तिला वाटलं घरात भांडण चाललंय. आदर क्रियापदाच्या रूपात असतो ही सगळ्या मराठीची रीत नाही, काही भागांची आहे. पुण्याची रीत म्हणजेच मराठी असं धरून शब्दसूची केली तर ती माझ्या बाबांच्या उपयोगाची नाही.

गीर्वाण
याला संस्कृतात नेमका शब्द आहे: त्वंकार. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात वडीलधाऱ्याला त्वंकार केल्याबद्दल प्रायश्चित्त सांगितलं आहे. महाभारताच्या कर्णपर्वातला प्रसंग तर प्रसिद्ध आहे. 'गांडीव दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. रागाच्या भरात युधिष्ठिरच ते बोलून बसतो. तेव्हा कृष्ण वाट काढतो: थोरल्या भावाला 'त्वम्' म्हण, वडीलधाऱ्याला 'तू' म्हणणं म्हणजे त्याचा वधच. अर्जुन तसं करतो आणि प्रतिज्ञाही पुरी होते.

शिवाय फ्रेंच 'त्यू' आणि आपलं 'तू' एकाच मुळातून आले आहेत, लॅटिन 'तू' आणि संस्कृत 'त्वम्' ही सख्खी भावंडं. लॅटिन 'नोस' आणि 'वोस' यांची नाती संस्कृत 'नः' आणि 'वः' यांच्याशी लागतात, आणि त्याच लॅटिन जोडीतून फ्रेंच 'नू' आणि 'व्हू' निघाले. काकांना हे सांगा, सर्वनामं पाठ करायला सोपी जातील.

पंचगंगा
कर्णपर्वाचा दाखला सुंदर आहे, मनापासून. पण त्याने सदाफुली यांची अडचण वाढली. त्वंकार म्हणजे वध, असं त्या काकांना लिहून द्यायचं?

रोनकाठ
मी ल्योंला राहतो, नोकरीनिमित्त. इथे आल्यावर जे कळलं ते असं: 'त्यू' आणि 'व्हू' यांचा आदराशी संबंध आहे, पण त्याहून जास्त अंतराशी आहे. दुकानदार, बसचालक, शेजारचे आजोबा, नवा सहकारी, सगळ्यांना 'व्हू'. मग एक दिवस कोणीतरी विचारतं, "ओं स त्यूत्वा?" म्हणजे आता आपण 'त्यू'वर यायचं का? शक्यतो वयाने किंवा पदाने मोठा असेल त्याने विचारायचं. एकदा 'त्यू'वर आलं की परत 'व्हू'वर जाणं म्हणजे नातं तुटल्यासारखं.

उलटंही असतं. फ्रेंच लेखक सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर जन्मभराचे सोबती, पण एकमेकांना 'व्हू'च म्हणत. त्यात दुरावा कोणालाच वाटला नाही. आणि जून 2018 मध्ये मों-व्हालेरियांच्या कार्यक्रमात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना "काय मान्यू, बरं आहे ना?" अशा थाटात हाक मारली, तेव्हा त्यांनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं की मला 'मस्यू' किंवा 'राष्ट्राध्यक्ष महोदय' म्हणायचं. मात्र सुनावताना ते स्वतः त्या मुलाला 'त्यू'च म्हणत होते. मोठ्याने लहानाला 'त्यू' आणि लहानाने मोठ्याला 'व्हू', ही वाट तिथेही आहे.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. "ओं स त्यूत्वा?" हे मराठी माणूस प्रत्यक्षात कसं म्हणतो? "अहो-जाहो नको हं, तू म्हण." आपण जवळीक मागतो ती नकारातून, अहो-जाहो काढून टाकून. माझ्या मते म्हणूनच आपल्याकडे त्या कृतीला प्रेमळ क्रियापद तयार झालं नाही. तिथे दारातून आत बोलावतात, आपण फक्त दाराची कडी काढतो.

सदाफुली
रोनकाठ, "अहो-जाहो नको, तू म्हण" हे मी वाक्य म्हणून सूचीत घालतेच. पण क्रियापदाची जागा अजून रिकामी आहे. आणि त्या वाक्यातलं 'ओं'! बाईंनी त्याचा अर्थ इंग्रजीतून सांगितला तेव्हा वर्ग गोंधळला. काकांना मी म्हटलं, 'आपण' समजा. "आपण बोलतो", "आपण असं करत नाही". त्यांना लगेच उमगलं.

शब्दशोधक
'आपण' म्हणजे 'ओं' हे अर्धंच खरं आहे. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये तो वगळलेला. फ्रेंचमध्ये हा भेद नाही. 'ओं' दोन्हीकडे चालतो. आणि आपल्याकडे 'आपण' हे 'तुम्ही'च्याही वरचं आदराचं रूप आहे, ते वेगळंच.

दुसरं, 'व्हू' हे लेखन मला खटकतं. मराठी 'व' असताना 'व्ह' कशाला? इंग्रजीच्या सवयीने आपण सगळीकडे 'ह' चिकटवतो.

रोनकाठ
इथे तो 'ह' लागतोच. 'हो'ला फ्रेंचमध्ये 'वी' म्हणतात आणि आयुष्याला 'व्ही'. दोन्ही 'वी' लिहिलं तर पहिल्याच आठवड्यात घोटाळा होईल. एक ओठ गोल करून आणि दुसरा दात ओठाला लावून. मराठी कानाला हा फरक ऐकू येतो, मग लिहून दाखवायला काय हरकत?

शब्दशोधक
मग 'त्यू'चं काय? तो स्वर 'यू' नाहीच. ओठ 'उ'चे आणि जीभ 'ई'ची. देवनागरीत तो लिहिताच येत नाही. तिथे तडजोड चालते, तर इथेही चालू द्या.

मांडवीकाठ
वर कोणी देवाचा विषय काढला नाही म्हणून लिहिते. आम्ही कोंकणीत प्रार्थना म्हणतो ती 'सर्गार आसा तूं' अशीच, देवबापाला 'तूं'. फ्रेंच कॅथलिक मात्र त्याच प्रार्थनेत कितीतरी काळ देवाला 'व्हू' म्हणत होते, 'त्यू' झालं ते 1966 मध्ये. माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. तिचा प्रश्न होता की इतकी वर्षं ते देवाशी एवढ्या लांबून कसे बोलले.

तळकोकणी
आणि विठोबा? वारकऱ्यांनी विठोबाला कधी अहो म्हटलंय? अभंगात त्याच्याशी भांडतात तेही तू म्हणूनच. आईला तू, देवाला तू. मग 'तू'मध्ये अपमान आहे हे आपण ठरवलं कधी?

पहाटवारा
आईला तू, हे ऐकायला गोड वाटतं. पण याच घरात वडिलांना अहो असतं, हे का सांगत नाही? आजीला तू आणि आजोबांना तुम्ही. नवरा बायकोला तू म्हणतो, ती त्याला अहो म्हणते, आणि त्या 'अहो'चंच त्याचं नाव होऊन जातं. याला जवळीक म्हणायचं असेल तर ती बायकांच्या वाट्यालाच का आली? मी माझ्या मुलांना सांगितलं की दोघांनाही तू म्हणा, नाहीतर दोघांनाही तुम्ही. सासरी यावरून बरंच ऐकून घेतलं.

फ्रेंचांमध्ये मला हे आवडतं की मोठ्या माणसांत बहुतेक दोन्ही बाजू सारख्या असतात. 1793 मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत 'व्हू' हे सरंजामी काळाचं लक्षण म्हणून सोडून सगळ्यांनी सगळ्यांना 'त्यू' म्हणावं असा आग्रहच धरला गेला. टिकला नाही, पण असं कोणाला वाटलं तरी.

गीर्वाण
शब्दातून समता येत नसते. फ्रान्समध्येही ती रीत चार दिवसांत मोडली, हे तुम्हीच लिहिलंत.

पहाटवारा
शब्दातून येत नसेल, पण शब्दातून शिकवली जाते विषमता. ती मूल बोलायला लागतं तेव्हाच शिकतं.

नागपूरकर
मूळ प्रश्नाला एक सुचवणी: 'तू-तू करणे'. नको, ते भांडण झालं. 'तूपण'? तेही संतांच्या 'मी-तूपणा'कडे जातं. मग सरळ 'तू म्हणणे' आणि 'तुम्ही म्हणणे' का नको? साधं आहे, कोणाला बोचत नाही, आणि मालवणपासून गोंदियापर्यंत कळतं.

शब्दशोधक
ते क्रियापद नाही, स्पष्टीकरण आहे. शब्दसूचीत शब्दाला शब्द हवा.

सदाफुली
सध्या 'तू म्हणणे' लिहिते आहे, पेन्सिलीने. दरम्यान एक गंमत सांगते, कारण काकांना त्यामुळे वर्गात भलतंच स्फुरण चढलं. आकड्यांच्या तासाला 80 आला. फ्रेंचमध्ये 80 म्हणजे 'चार वीस'. 90 म्हणजे 'चार वीस दहा', 92 म्हणजे 'चार वीस बारा'. सगळी तरुण मुलं डोकं धरून बसली. काका म्हणाले, आमची आई असंच मोजायची. चार विसा नि बारा. पूर्ण वर्गात 99 पर्यंत न अडखळता तेच गेले.

पंचगंगा
आमच्याकडेही! बाजारात अंडी विकणाऱ्या मावशी अजून विसाच्या हिशोबात बोलतात. शंभर म्हणजे पाच विसा. शाळेत न गेलेल्या बायकांचा हिशोब चोख असायचा तो याच रीतीने.

रोनकाठ
पॅरिसमध्ये आंधळ्यांसाठीचं जुनं रुग्णालय आहे, नववा लुई याने तेराव्या शतकात स्थापलेलं. त्याचं नावच 'पंधरा-वीस', कारण तिथे तीनशे जणांची सोय होती. म्हणजे एके काळी फ्रेंचही 80 वर न थांबता पुढे विसांनीच मोजत. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र 70 ला 'सेप्तांत' आणि 90 ला 'नोनांत' असे सरळ शब्द आहेत. स्वित्झर्लंडच्या काही भागांत 80 लाही 'व्यितांत'.

नागपूरकर
2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्र्याण्णव'ऐवजी 'नव्वद तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. भाषा बुडाली, असं लोक म्हणत होते. आणि इथे अख्खा देश 'चार वीस तेरा' म्हणतो आणि त्यांची भाषा शाबूत आहे.

शब्दशोधक
तुलना चुकीची आहे. 'चार वीस तेरा' ही त्यांची परंपरा आहे. 'नव्वद तीन' हा आपल्या परंपरेवर वरून आणलेला उपाय होता. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव ही रूपं शतकानुशतकं झिजून तयार झाली आहेत, ती मुलांना कठीण जातात म्हणून टाकून द्यायची का?

तळकोकणी
विसांची मोजणीही आपली परंपराच होती. ती कोणी टाकली? शाळेनेच ना? मग त्र्याण्णवचं तेवढं रक्षण करायचं आणि चार विसा नि तेरा अडाणी ठरवायचं, यात कसली परंपरा?

गीर्वाण
विसांची मोजणी संस्कृतातून आलेली नाही. संस्कृत दहांनी मोजते.

पंचगंगा
संस्कृतातून आलं नाही म्हणून मराठी नाही, हे मला कधीच पटणार नाही. हातापायाची बोटं वीस. त्याला कोणत्या भाषेची परवानगी लागत नाही.

पहाटवारा
एक शंका. सगळे 'विसा' लिहिताय. माझी आजी जळगावकडची, ती 'विशी' म्हणायची असं मला पक्कं आठवतं: दोन विशी, तीन विशी. आता 'विशी' फक्त वयासाठी उरलीय, 'विशीतली मुलगी' वगैरे. हे दोन वेगळे शब्द आहेत की एकाच शब्दाची दोन रूपं? खानदेशातलं कोणी आहे का इथे?

नागपूरकर
'विशी' हे नाम झालं, वीसचा गट. 'चार विसा'मधलं 'विसा' मला 'वीस'चं अनेकवचन वाटतं.

शब्दशोधक
संख्यावाचकाचं असं अनेकवचन मराठीत होत नाही. 'चार दहा' म्हणतात, 'चार दहे' म्हणत नाहीत.

पंचगंगा
पाढ्यात म्हणतात की! 'दाहे दाहे शंभर' आम्ही शाळेत घोकलंय.